ढब्बीचं पान दादाला गेलं

माझ्या मावशीला पत्रं लिहायचा नाद आहे. साधासुधा नाही, एखाद्याला सिगरेटचा असतो तसला. शनिवारी कारखान्यातून घरी आली की हातपाय धुवायच्या आधी हिचा डोळा टेबलावर. चहा गार होतो, मी भुकेने कळवळते, हिला पत्ता नसतो.

मी तिच्याकडे राहायला आले त्याच आठवड्यात मला पहिला धक्का बसला. शाळा मी नववीतच सोडलेली. आईला लांबच्या शहरात एका वृद्धाश्रमात स्वयंपाकाचं काम लागलं, तिथे पोरीबाळींना ठेवून घेत नाहीत, म्हणून माझं गाठोडं मावशीच्या दारात. "हिला कारखान्यात चिकटव, नाहीतर ही घर पेटवेल," असं आई सांगून गेली. आणि शनिवारी बघते तर ही बाई कागदांच्या ढिगात मान घालून बसलीय आणि एकटीच खुदुखुदु हसतेय.

"मावशी, काय भरतेयस? लाइटचं बिल?"

"बिल काय! पत्र लिहितेय. तुझ्या आईला."

"आत्ता तासभर तिच्याशी फोनवर बोललीस की!"

"ते बोलणं झालं. हे पत्र."

जणू मी चमचा आणि चप्पल यांतला फरक विचारला होता. मी मनात म्हटलं, हिचा एक स्क्रू ढिला आहे. पण माझ्या माणसाला कुणी वेडं म्हटलं तर मी त्याचे दात घशात घालते, म्हणून हे बाहेर कुणाला सांगितलं नाही.

मावशी शर्टांच्या कारखान्यात नंबरिंगला आहे. म्हणजे असं, की कापडाचे थर एकावर एक अंथरतात, मास्तर वरून मशीन फिरवतो आणि एका झटक्यात ढीगभर कॉलर, ढीगभर बाह्या, ढीगभर पाठी कापून निघतात. आता एका थरातली बाही त्याच थरातल्या पाठीला लागली पाहिजे. नाहीतर रंगात किंचित फरक पडतो आणि शर्ट उन्हात नेला की बाही उसनी आणल्यासारखी दिसते. म्हणून मावशी प्रत्येक तुकड्याला नंबराचं स्टिकर लावते. लावायच्या आधी गठ्ठा पालथा करायचा. मग सगळ्यात खालचा, पहिला अंथरलेला थर वर येतो. तो एक नंबर. कॉलरचा गठ्ठा पालथा, बाह्यांचा पालथा, पाठींचा पालथा. मी काजाच्या मशीनवर बसते, तिथून मला ती दिसते. दिवसभर नुसतं धप्प, धप्प, धप्प.

आणि पत्रंही बाई अशीच लिहायची! हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. एक पत्र पुरं करून दुसरं घ्यायचं, असं नाही. शनिवारी तिघांची पहिली पानं, रविवारी तिघांची दुसरी पानं. लिहून झालं की पान ढिगावर. शेवटी दोन्ही ढीग पालथे करायचे, वरचं पहिलं पान, वरचं दुसरं पान, घडी, पाकीट, झालं. शर्टच शिवतेय जशी काही.

तिघं म्हणजे मामा, माझी आई आणि ढब्बी. मामा थोरला म्हणून आधी, आई मधे, ढब्बी शेवटी. ढब्बी म्हणजे मावशीची शाळेतली मैत्रीण. ती जाडी म्हणून ढब्बी आणि ही बारीक म्हणून काडी. दोघींची पन्नाशी आली तरी तीच नावं.

"अगं, मग पानांवर नंबर तरी टाक," मी एकदा म्हटलं.

"माणसांना काय नंबर लावायचे? दिवसभर तेच करते ना!"

"निदान परत वाचून तरी बघ."

"परत वाचलं की फाडावंसं वाटतं. ज्यांना पाठवलंय त्यांनी फाडावं हवं तर."

ढब्बीच्या पानाची पाळी आली की मावशीचं रूपच पालटायचं. पाय खुर्चीवर, पेन दातात, डोळे चमकतायत. आठवडाभर ती ढब्बीसाठी माल गोळा करायची. कटिंगच्या हॉलमध्ये पारवा शिरला आणि मास्तर फूटपट्टी घेऊन त्याच्या मागे धावला, हे ढब्बीला. शेजारीण नवऱ्याशी भांडताना मधेच थांबून आम्हाला साखर देऊन गेली आणि परत जाऊन तिथूनच भांडायला लागली, हेही ढब्बीला. एकदा ट्रकने मावशीच्या अंगावर गटाराचं पाणी उडवलं. मी ट्रकवाल्याला शिव्या घालत धावले. मागे वळून बघते तर ही भिजलेली बाई हसतेय! म्हणते, "अगं, काय पत्र होईल याचं!" मी थक्क झाले. हिच्या आयुष्यात काही वायाच जात नव्हतं.

मामाचं पान मात्र ती ताठ बसून लिहायची. 'इकडे सर्व ठीक आहे. थंडी वाढली आहे. तब्येतीस जपावे.' मोठाली अक्षरं, की पान एकदाचं भरावं. मी म्हटलं, "हे पत्र आहे की औषधाच्या बाटलीवरची सूचना?"

तेव्हा तिने सांगितलं. त्यांचे वडील लवकर गेले. मामा दवाखान्यात स्टोअरकीपर होता, त्याने दोघी बहिणींना वाढवलं. मावशी शिवणकाम शिकायला वसतिगृहात राहिली, तेव्हा ती दादाला लांबलचक पत्रं लिहायची. आणि दादा ती पत्रं परत पाठवायचा. ओळींवर काट मारून, बाजूला शेरा लिहून: अनावश्यक.

"परत पाठवायचा? तुझंच पत्र तुला?"

"हो. सगळं काटून झालं की 'इकडे सर्व ठीक आहे' तेवढं उरायचं. मग मी तेवढंच लिहायला लागले."

माझं डोकंच फिरलं. पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. मावशीने नवऱ्याला सोडलंय हे मला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. मला वाटायचं मारत असेल, पीत असेल.

"नाही गं. हातसुद्धा लावला नाही कधी."

"मग?"

"मी त्याच्याकडे पत्रं द्यायचे पोस्टात टाकायला. टाकलीस का, तर टाकली म्हणायचा. एकदा त्याचा जुना कोट धुवायला काढला. खिशात, अस्तरात, सगळीकडे माझी पत्रं. तोपर्यंत मी समजत होते की जगात कुणालाच माझी आठवण येत नाही, म्हणून उत्तर येत नाही."

त्या माणसाचा पत्ता दे, म्हणत मी चपलाच घालायला लागले.

मामाला मात्र हे कारण पटलं नव्हतं. 'पत्रांसाठी कुणी संसार मोडतं का?' म्हणाला आणि बोलणं टाकलं. वर्षानुवर्षं टाकलं. तो निवृत्त झाला तेव्हा त्याचं एक कार्ड आलं: 'निवृत्त झालो. पत्ता तोच आहे.' बस्स. मावशी ते कार्ड घेऊन जिन्यात रडत बसली होती म्हणे, शेजारणीने मला सांगितलं. तेव्हापासून मामाला पत्र सुरू. आणि या वर्षी, एवढ्या काळाने, तो पहिल्यांदा तिच्या घरी येऊन गेला. एकच दिवस. पण मावशीने त्या दिवसासाठी पडदे बदलले, नळ दुरुस्त केला, मला केस विंचरायला लावले. जाताना तो म्हणाला, "ठीक आहे. येईन पुन्हा." ती ते 'येईन पुन्हा' आठवडाभर तोंडात घोळवत होती.

आणि मग ढब्बीचा फोन आला.

मावशीचे हात साबणात होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"काडे, जिवंत आहेस ना?" ढब्बीचा आवाज म्हणजे भोंगा.

"का गं? मला काय धाड भरलीय?"

"पहिलं पान वाचलं, हसून ठसका लागला. तुझा दादा आला, घरभर फिरून धूळ तपासली, नळ उघडून पाहिला, आता खुर्चीवर बसणार म्हणून मी पान उलटलं. बघते तर काय, 'थंडी वाढली आहे. तब्येतीस जपावे.' मला वाटलं मधेच गेलीस आणि उरलेलं पत्र कुणी सरकारी माणसाने पुरं केलं! आणि खाली 'तुझी धाकटी बहीण'. मी तुझी ताई कधी झाले गं?"

मावशीच्या हातातलं ताट खाली पडलं. फुटलं नाही, स्टीलचं होतं, पण ते किती तरी वेळ गरगरत राहिलं.

मग ढब्बी हळूच म्हणाली, "काडे... माझं दुसरं पान कुणाकडे गेलं?"

मी आईला फोन लावला. आईची दोन्ही पानं बरोबर होती. म्हणजे उरला एकच माणूस.

"त्यात काय होतं?" मी विचारलं. "मावशी, बोल ना! त्या पानावर काय होतं?"

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पान तिला तोंडपाठ असल्यासारखं सांगायला लागली. दादा खुर्चीत बसल्या बसल्या झोपला. तोंड उघडं. झोपेतच दवाखान्याच्या खिडकीवर बसल्यासारखा ओरडला, 'पुढचा!' आणि ही दचकून खरंच पुढे झाली. उठल्यावर म्हणाला, 'मी झोपलो नव्हतो, विचार करत होतो.' जेवताना मीठ कमी आहे म्हणाला आणि तीनदा वाढून घेतलं. मग ही त्याला बसपर्यंत सोडायला गेली. बस गेली आणि हिने एवढा मोठा श्वास सोडला, जणू सकाळपासून धरून ठेवला होता.

"असंच्या असं लिहिलंस?"

"असंच्या असं. आणि हेही लिहिलं, की बसमध्ये चढताना त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला. एवढा म्हातारा झालाय हे मला त्या पायरीवर कळलं."

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. "फोन कर त्याला."

"काय सांगू? चुकून खरं लिहिलं म्हणून?"

"मग तोडू दे त्याला! तू काय त्याच्या घरी खातेस? आला मोठा, दुसऱ्यांच्या पत्रांवर रेघा मारणारा..."

"गप बस!" मावशी माझ्यावर कधी ओरडत नाही. मी दचकलेच. "त्याने मला वाढवलंय. एकदा गमावलाय मी त्याला, पत्रांच्याच पायी. परत गमवायचा नाहीये."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ती भुतासारखी फिरत होती. मी काजाच्या मशीनवरून एक डोळा तिच्यावर ठेवून होते, त्या नादात एका शर्टाच्या खिशाला काज पाडलं. मास्तरने तिच्यासमोर बाह्यांचा गठ्ठा ठेवला. तिने तो पालथा केला, धप्प. पाठींच्या गठ्ठ्याला हात घातला आणि तशीच थांबली. मग एवढ्याने किंचाळली, की शिलाईच्या रांगेतली सगळी मशीनं बंद पडली.

"उंदीर का?" मास्तर टेबलावरच चढला.

"एकच पालथा केला!" ती माझ्याकडे बघून ओरडली. "पोरी, मी एकच ढीग पालथा केला! पहिल्या पानांचा पालथा केला, तेवढ्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन पाणीवाला आला दारात, आणि दुसरा ढीग तसाच राहिला!"

मी मशीनवर बोटांनी हिशेब लावला. एक ढीग उलटा, एक सुलटा. मामाच्या पहिल्या पानाला ढब्बीचं दुसरं, ढब्बीच्या पहिल्याला मामाचं दुसरं. आई मधे होती म्हणून वाचली. एवढी वर्षं या बाईच्या हातून एका शर्टाची बाही चुकली नव्हती, आणि घरी सख्ख्या भावाची बाही मैत्रिणीला लावून बसली.

"मग टेबलावरून उतरू का?" मास्तर म्हणाला. "उंदीर नाहीये ना?"

त्या शनिवारी मावशीने पत्रं लिहिली नाहीत. टेबल पुसून मोकळं ठेवलं. मला ते मोकळं टेबल बघवेना. मी मुद्दाम त्यावर माझी पिशवी, हेल्मेट, काय मिळेल ते टाकलं. तिने काही म्हटलं नाही, तेव्हा तर मी पार घाबरले.

आणि रविवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं. मामा. न कळवता. हातात पिशवी नाही, काही नाही. शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं पान डोकावत होतं.

"आहे का ती?"

मावशी आतून आली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "दादा, बस ना. चहा..."

"चहा नको." तो उभाच राहिला. पान बाहेर काढलं. "हे तुझं?"

"हो."

"मी झोपेत 'पुढचा' म्हणतो?"

मी म्हटलं, "म्हणता! मीसुद्धा ऐकलंय! आणि हे बघा मामा, तिला काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी..."

"तू जरा थांब गं, भवाने. तुझ्या मामीला वाचून दाखवलं मी हे."

मामीला! मी दाराची कडीच धरली.

"हसून हसून तिला उचकी लागली," मामा म्हणाला. "म्हणते, तीस वर्षं रोज रात्री ऐकतेय, पण सांगायची हिंमत झाली नाही. उचकी थांबेना, शेवटी शेजारून डॉक्टरीणबाईंना बोलवावं लागलं. मग त्यांनाही वाचून दाखवावं लागलं."

माझा जबडा खाली. मावशीचाही.

"आणि बस गेल्यावर मोठा श्वास सोडलास म्हणे." आता मात्र त्याचा आवाज बदलला. मला वाटलं, मावशी म्हणेल, नाही रे दादा, ते आपलं गमतीत.

"सोडला," मावशी म्हणाली.

"एवढा मी..."

"हो. एवढा."

मामा खुर्चीवर बसला. पान मांडीवर ठेवलं, हाताने सरळ केलं. खाली बघून म्हणाला, "आणि त्या ढब्बीला हे सगळं. खाली सही 'तुझी काडी'. घरातलं, कारखान्यातलं, सगळं तिलाच लिहीत असशील. मला थंडी वाढली आहे! थंडी मला माझ्या घरात कळत नाही का? दर वेळी पाकीट फोडायचं आणि आत थंडी!"

"मग काय लिहू?" मावशी एकदम उसळली. मी तिला तसं कधी पाहिलंच नव्हतं. "लिहायचे ना मी! वसतिगृहातून पानंच्या पानं लिहायचे. तूच काट मारून परत पाठवायचास. अनावश्यक, अनावश्यक, अनावश्यक!"

मामा तिच्याकडे बघत राहिला. "मी?"

"हो, तू!"

"काट मारून? परत पाठवायचो?" त्याचं तोंड तसंच उघडं. "नाही गं. मी कशाला... कधी?"

तो नाटक करत नव्हता. मी माणसं ओळखते, खोटं बोलणारा नजर फिरवतो. याला खरंच आठवत नव्हतं. मावशीने ज्या रेघा आयुष्यभर अंगावर वागवल्या, त्या मारणाऱ्याच्या डोक्यात त्यांचा मागमूसही नव्हता. असा मुक्का मला कुणी पोटात मारला नव्हता. मावशी टेबलाला धरून उभी होती.

"तुला आठवतही नाही," ती म्हणाली.

"दवाखान्यात दिवसभर मागणीपत्रांवर काट मारायचो," मामा पुटपुटला. "कापूस एवढा नको, सुया एवढ्या नकोत. घरी येऊन तुझी पत्रं... मारली असेल. मारलीच असेल, तू म्हणतेस तर." त्याने चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला. "वेडा माणूस."

मला भांडायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. मी टेबलावरचं हेल्मेट उचललं, परत ठेवलं.

मग मामा म्हणाला, "हे अर्ध्यातून सुरू होतंय. खुर्चीच्या आधी काय होतं?"

"ते पान ढब्बीकडे आहे."

"मागव."

"ते तिचं आहे, दादा. हेही तिचंच आहे."

"हे मी देणार नाही." त्याने पान चटकन खिशात घातलं, एखाद्या पोराने गोटी लपवावी तसं. "तिला दुसरं लिही. आणि मला माझं. असलं. थंडीवालं नको. आत्ताच लिही, मी बसतो."

"समोर बसलेल्या माणसाला पत्र कसं लिहिणार?"

"का? मी बोलणार नाही."

"तू इथे बसलास तर मला 'सर्व ठीक आहे' एवढंच सुचेल."

मामाने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग उठला. "बरं. मी जातो."

"अहो मामा, आत्ताच तर आलात!" मी ओरडले. "एवढ्या लांबून! पाणीसुद्धा प्यायला नाहीत!"

"मी गेल्याशिवाय ती लिहिणार कशी?" मला म्हणाला, जणू मीच मठ्ठ. आणि चपला घालून जिना उतरायलाही लागला. मी आणि मावशी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिलो. आला काय, गेला काय!

मग मावशीने टेबलावरची माझी पिशवी, हेल्मेट, सगळं एका हाताने खाली ढकललं. कागद ओढला. पाय खुर्चीवर घेतले. पेनाचं टोपण दातात धरलं.

खालून रस्त्यावरून हाक आली. मी गॅलरीत धावले. मामा फुटपाथवर उभा राहून मान वर करून बघत होता.

"सुरू केलं का तिने?"

मागून मावशी एवढ्या जोरात ओरडली, की मीच उडाले.

"तू आधी लांब जा!"